न्यूट्रिनोचा न सांपडलेला थोरला भाऊ

१९३० सालच्या डिसेंबर महिन्याच्या ४ तारखेस झुरिक येथील एका तरुण प्राध्यापकानें जर्मनींतील ट्युबिंगेन गांवीं जमणाऱ्या पदार्थविज्ञानशास्त्र्यांच्या बैठकीस एक पत्र धाडलें. प्राध्यापकाचें नांव वुल्फगांग पाउली. वय अवघें तीस. बैठकीस त्यानें स्वतःच जावयाचें, परंतु त्याच सुमारास झुरिक येथें एक नृत्यसमारंभ होता व तो चुकविणें त्यास शक्य नव्हतें. म्हणून हें पत्र. मायना थट्टेचा होता. जमलेल्या विद्वान् स्त्रीपुरुषांस त्यानें 'किरणोत्सर्गी' हें विशेषण बहाल केलें होतें. आंतील मजकूर मात्र थट्टेचा नव्हता. शक्ति उत्पन्न होत नाहीं आणि नाशही पावत नाहीं, हा जो नियम शाळकरी मुलासही पाठ असतो, तो वांचविण्यासाठीं पाउलीनें कोणींही न पाहिलेला एक कण कल्पिला होता. आपला हा उपाय निरुपायाचा आहे, अशी कबुलीही त्यानें त्याच पत्रांत देऊन टाकली होती.

अडचण अशी होती. कांहीं परमाणूंच्या गर्भांतून इलेक्ट्रॉन बाहेर फेंकला जातो व तो परमाणु दुसऱ्या जातीचा बनतो. या घटनेंत गर्भाची शक्ति प्रत्येक वेळीं ठराविक मापानेंच कमी होते. तेव्हां बाहेर पडणाऱ्या प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या पदरीं तेवढीच शक्ति असावी, हें उघड आहे. पण १९१४ सालीं बर्लिन येथें काम करीत असतां जेम्स चॅडविक या इंग्रज शास्त्रज्ञास निराळेंच दिसलें. कोणी इलेक्ट्रॉन भरपूर शक्ति घेऊन निघे, कोणी थोडी, कोणी जवळजवळ रिकाम्या हातीं. १९२७ सालीं एलिस व वूस्टर या दोघांनीं किरणोत्सर्गी बिस्मथापासून निघणारी सारी उष्णता मोजली, तेव्हां दर इलेक्ट्रॉनमागें जी सरासरी शक्ति हातीं आली ती अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच भरली. घरांतील हिशेबाच्या वहींत दर रोज कांहीं रक्कम कमी पडावी, ती रोज निराळी असावी आणि चोर तर कोठेंच दिसूं नये, तशांतला हा प्रकार. नील्स बोरसारखा ज्येष्ठ शास्त्रज्ञही, परमाणूच्या गर्भांत जमाखर्चाचा नियम कदाचित् पाळला जात नसेल, असें म्हणावयास तयार झाला होता. पाउलीनें वही खोटी ठरविण्याऐवजीं चोर कल्पिला. विद्युद्भार नसलेला, अत्यंत हलका आणि वस्तूंतून आरपार निघून जाणारा असा एक कण इलेक्ट्रॉनबरोबर बाहेर पडतो व उरलेली शक्ति तो नेतो, असें त्याचें म्हणणें. इटलीच्या एन्रिको फेर्मीनें पुढें या कल्पनेवर पुरा सिद्धांत उभारला आणि या कणास 'न्यूट्रिनो', म्हणजे इटालियन भाषेंत 'लहानसा उदासीन', हें नांव रूढ केलें.

नांव मिळालें, पण दर्शन घडेना. १९३४ सालीं बेथे व पायर्ल्स यांनीं गणित करून पाहिलें, तेव्हां असें निघालें कीं, या कणास अडविण्यासाठीं शिशाची भिंत बांधावयाची झाली तर तिची जाडी मैलांत नव्हे, प्रकाशवर्षांत मोजावी लागेल. असला कण कधीं सांपडणार नाहीं, असा निर्वाळा त्यांनीं दिला. निर्वाळा बुद्धिमंतांचा होता आणि गणितांतही चूक नव्हती. फक्त पुढें अणुभट्ट्या येतील व त्यांतून न्यूट्रिनोंचा लोटच बाहेर पडेल, हें त्यावेळीं कोणाच्या स्वप्नांतही नव्हतें. अमेरिकेंतील सॅव्हाना नदीकांठच्या भट्टीजवळ फ्रेडरिक राइन्स व क्लाइड कॉवन यांनीं कॅड्मियम मिसळलेल्या पाण्याच्या टाक्या ठेविल्या आणि १९५६ सालच्या जून महिन्यांत पाउलीस तार गेली कीं, आपला कण सांपडला. मधें २६ वर्षें गेलीं होतीं. पाउली आणखी अडीच वर्षें जगला. कॉवन १९७४ सालीं वारला आणि या शोधाचें नोबेल पारितोषिक राइन्स यास १९९५ सालीं मिळालें.

ही गोष्ट आतां पाठ्यपुस्तकांतून येते. तिचा पुढला भाग मात्र अद्याप पुरा झालेला नाहीं, आणि तो पुरा करावयाचा कीं नाहीं, केला तर किती द्रव्य व किती आयुष्यें खर्चून करावयाचा, याचा विचार आज युरोपांत चालू आहे.

न्यूट्रिनो सांपडला खरा, परंतु तो अर्धाच सांपडला. हें समजून घेण्यासाठीं श्रोत्यांनीं फिरत फिरत पुढें जाणारा भोंवरा डोळ्यांपुढें आणावा. पुढें जाण्याच्या दिशेच्या मानानें त्याची गिरकी उजवी असूं शकेल किंवा डावी; जसें मळसूत्र उजवें असतें तसें डावेंही करतां येतें. इलेक्ट्रॉन घ्या, प्रोटॉनच्या पोटांतील क्वार्क घ्या, द्रव्याचा प्रत्येक कण दोन्ही प्रकारांनीं आढळतो. अपवाद एकट्या न्यूट्रिनोचा. १९५६-५७ सालीं ली व यांग या सिद्धांतकारांच्या सूचनेवरून वू नांवाच्या विदुषीनें प्रयोग करून निसर्ग डाव्या-उजव्यांत पक्षपात करतो असें सिद्ध केलें, आणि १९५८ सालीं गोल्डहाबर व त्याच्या सहकाऱ्यांनीं न्यूट्रिनोची गिरकी प्रत्यक्ष तपासली. ती डावीच निघाली. त्यानंतर आजतागायत जेवढे न्यूट्रिनो पारखले गेले ते सारे डावे.

मग उजवा न्यूट्रिनो नाहींच काय? पुष्कळ वर्षें उत्तर असें होतें कीं, नाहीं आणि त्याची गरजही नाहीं. पण १९९८ सालीं जपानांतील कामिओका येथील खाणीच्या पोटांत पन्नास हजार टन पाण्याच्या टांकीभोंवतीं बसविलेल्या यंत्रांनीं दाखवून दिलें कीं, एका जातीचा न्यूट्रिनो प्रवासांत दुसऱ्या जातीचा होतो. आणि असें रूपांतर होण्यासाठीं त्यास वस्तुमान असलेंच पाहिजे. कॅनडांतील सड्बरी येथील यंत्रानें सूर्याच्या न्यूट्रिनोंविषयीं तीच ग्वाही दिली. या कामाबद्दल काजिता व मॅक्डोनल्ड यांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. वस्तुमान तर आहे, पण तें किती? जर्मनींतील कार्ल्सरूह येथील प्रयोगाचा २०२५ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असें सांगतो कीं, तें इलेक्ट्रॉनच्या ११ लाखांशाहूनही कमी आहे. इलेक्ट्रॉन आधींच कणांत हलका. त्याच्याही मानानें हा एवढा हलका कां? इतर सर्व कणांस वस्तुमान ज्या रीतीनें मिळतें त्या रीतीस डावा व उजवा असे दोन्ही भागीदार लागतात. एक भागीदार गैरहजर, आणि जो हजर आहे त्याच्या वांट्यास आलेला हिस्सा संशयास्पद रीतीनें लहान. वही पुन्हां जुळेनाशी झाली होती.

गंमत अशी कीं, प्रश्न ऐरणीवर येण्यापूर्वींच त्याचें एक उत्तर लिहून ठेविलें गेलें होतें. त्याचें मूळ १९३७ सालीं एत्तोरे मायोराना या इटालियन शास्त्रज्ञानें लिहिलेल्या एका निबंधांत आहे. ज्यास विद्युद्भार नाहीं असा कण स्वतःच स्वतःचा प्रतिकण असूं शकेल, असें त्यानें दाखविलें. पुढल्याच वर्षीं, १९३८ सालच्या मार्च महिन्यांत, पालेर्मोहून नेपल्सला जाणाऱ्या बोटीच्या प्रवासांत हा मायोराना नाहींसा झाला तो कायमचा. आत्महत्या, मठवास, देशांतर असे नाना तर्क त्याविषयीं आजही चालतात. त्यांत शिरण्याचें हें स्थळ नव्हे. त्याचा निबंध उरला. १९७७ सालीं स्वित्झर्लंडांतील बर्न येथें पीटर मिन्कोव्स्की यानें आणि १९७९-८० च्या सुमारास जपानांत यानागिदा, अमेरिकेंत गेल-मान, रेमंड व स्लान्स्की, तसेच ओरिसांत जन्मलेले रवींद्र महापात्र व त्यांचे सहकारी सेन्यानोविच यांनीं त्या निबंधांतील कल्पनेवरून एक युक्ति काढली. उजवा न्यूट्रिनो आहे, पण तो अतिशय जड आहे. आणि तो जड आहे म्हणूनच डावा इतका हलका आहे!

बागेंत मुलांसाठीं मधोमध आंसावर बसविलेली जी लांब फळी असते, तिच्या एका टोंकास लठ्ठ मुलगा बसला कीं दुसऱ्या टोंकाचें किरकोळ मूल अधांतरीं जातें. या खेळास इंग्रजींत सी-सॉ म्हणतात आणि शास्त्रज्ञांनीं या सिद्धांतास तेंच नांव ठेविलें. त्याचें गणितही फळीसारखेंच सरळ आहे. हलक्या भावाचें व थोरल्या भावाचें वस्तुमान यांचा गुणाकार एका मधल्या वस्तुमानाच्या वर्गाइतका असावा लागतो. आतां हें मधलें वस्तुमान प्रोटॉनच्या १०० पट धरलें, तर थोरला भाऊ प्रोटॉनच्या एकावर चौदा शून्यें इतक्या पट जड निघतो. असा कण निर्माण करण्याचें सामर्थ्य मनुष्यानें बांधलेल्या वा बांधूं म्हटलेल्या कोणत्याही यंत्रांत नाहीं. पण मधलें वस्तुमान इलेक्ट्रॉनएवढेंच धरलें, तर थोरला भाऊ प्रोटॉनच्या कांहीं हजार पटींवर येतो. त्याहूनही कमी धरण्यास शास्त्राचा कोणताही नियम आड येत नाहीं.

या सबंध शोधाचें खरें दुखणें येथें आहे. पाउलीचा कण अदृश्य असला तरी त्याचा पत्ता ठाऊक होता. जेथें इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेथें तो असणारच. थोरल्या भावाची गरज पटते, पत्ता मात्र लागत नाहीं. तो तळमजल्यावर असेल किंवा हिमालयाच्या शिखरावर.

असा बेपत्ता कण शोधतांना मृगजळ दिसणें स्वाभाविक होतें, आणि तें दोनदां मोठ्या प्रमाणावर दिसलें. पहिल्या प्रसंगाचा संबंध मुंबईशीं आहे.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक १९५० नंतर कोलारच्या सोन्याच्या खाणींत विश्वकिरणांचा अभ्यास करीत होते. होमी भाभा यांची ती योजना, बी. व्ही. श्रीकंठन् हे त्यांचे या कामांतील पहिल्या शिष्यांपैकीं. जसजसें खोल जावें तसतसे वरून येणारे कण खडकांत जिरत जातात. शेवटीं इतकी शांतता होते कीं, उरलेल्या आवाजांत न्यूट्रिनोची चाहूल लागण्याचा संभव असतो. १९६५ सालीं जमिनीखालीं सुमारें २३०० मीटर खोलीवर, जपानांतील ओसाका व इंग्लंडांतील डरहॅम येथील मंडळींच्या साह्यानें, या संस्थेच्या शास्त्रज्ञांस ती चाहूल लागली. त्यांची युक्ति ऐकण्याजोगी आहे. वातावरणांतून येणारे इतर कण वरून खालीं येतात. आडवे येऊं पाहणारास कित्येक मैल खडक भेदावा लागतो व तें त्यास साधत नाहीं. तेव्हां यंत्रांच्या भिंती उभ्या केल्या आणि आडव्या वाटेनें येणाऱ्या कणांचीच वाट पाहिली. असा कण आला तर तो शेजारच्या खडकांत न्यूट्रिनोच्या आघातानेंच जन्मलेला असणार. त्याच वर्षीं दक्षिण आफ्रिकेंतील एका सोन्याच्या खाणींत राइन्स यासही असेच कण सांपडले. परंतु कोलारचा वृत्तांत थोडे दिवस आधीं छापून आला. भाभा यांस हें यश पाहावयास मिळालें. पुढल्या जानेवारींत ते विमान-अपघातांत गेले.

नंतर कोलारच्या यंत्रांनीं कांहीं विलक्षण रेघा टिपल्या. दोन-तीन कणांच्या वाटा एका बिंदूपासून पंख्याच्या काड्यांप्रमाणें फांकलेल्या, आणि तो बिंदु मात्र खडकांत नव्हे, तर खडक व यंत्र यांच्यामधल्या रिकाम्या हवेंत! न्यूट्रिनोचा आघात व्हावयाचा तर घन खडकांत व्हावा. विरळ हवेंत इतक्यांदा होणें जवळजवळ अशक्य. मग एकच अर्थ सुचतो. खडकांत एखादा नवा, विद्युद्भाररहित कण जन्मला, कांहीं अंतर गुपचुप चालत आला आणि हवेंत फुटला. १९७५ सालीं कृष्णस्वामी, एम्. जी. के. मेनन, नरसिंहम् व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनीं हा वृत्तांत प्रसिद्ध केला. प्रोटॉनच्या कांहीं पट जड व सेकंदाच्या अब्जांशाइतकें आयुष्य असलेला कण असावा, असा त्यांचा अंदाज होता. जड न्यूट्रिनोसारखा कण तो हाच काय, असा प्रश्न सिद्धांतकार विचारूं लागले.

अमेरिकेंत व युरोपांत मोठमोठ्या यंत्रांवर लगेच शोध झाला. तेथें असें कांहीं आढळलें नाहीं. कोलारच्या घटना हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि तेवढ्यावरून नवा कण मानणें म्हणजे सुतावरून स्वर्ग गांठणें, असें बहुतेकांचें मत पडलें. तें मत रास्त होतें. पण तेवढेंच रास्त हेंही म्हणणें आहे कीं, त्या रेघा कशा उमटल्या याचा सर्वमान्य खुलासा आजवर झालेला नाहीं. १९८० नंतर त्याच खाणींत प्रोटॉनचा नाश शोधण्यासाठीं जीं यंत्रें बसविलीं, त्यांनींही तशा आणखी कांहीं घटना नोंदल्या. २०१४ सालीं चेन्नईचे जी. राजशेखरन् व एम्. व्ही. एन्. मूर्ति यांनीं तो जुना कागद पुन्हां उघडून, विश्वांतील अदृश्य द्रव्याशीं या रेघांचा संबंध असेल काय, अशी शंका मांडली. ज्यांनीं शोध लाविला त्यांनीं तो कधीं दडपूनही नेला नाहीं व त्याचा डांगोराही पिटला नाहीं. छापलें, आणि पडताळ्याची वाट पाहिली.

दुसरें मृगजळ कॅनडांत दिसलें. १९८५ सालीं ग्वेल्फ येथील जॉन सिम्प्सन यानें ट्रिटियमपासून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा आलेख काढला. शंभरांत तीन वेळां हलक्या न्यूट्रिनोऐवजीं एखादा जड न्यूट्रिनो बाहेर पडत असेल, तर आलेखाच्या रेषेस एका ठराविक जागीं बारीकसा मोड पडावयास हवा. तसा मोड सिम्प्सनला दिसला, आणि त्यावरून त्या न्यूट्रिनोचें वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारें तिसांश, शास्त्रज्ञांच्या भाषेंत १७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, असें निघालें. दुसऱ्या कित्येकांनीं प्रयोग करून 'नाहीं' म्हटलें. सिम्प्सननें पुन्हां प्रयोग केला. १९९१ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथें हाइम व जेली यांनीं गंधकावर आणि कॅलिफोर्नियांत बर्कली येथील मंडळींनीं कार्बनवर प्रयोग करून 'आहे' असें सांगितलें. आतां मात्र जगभर खळबळ उडाली. सिद्धांतकारांचे निबंध पावसाळ्यांतील छत्र्यांसारखे उगवले.

शेवटीं निकाल लागला तो एका नमुनेदार सचोटीच्या प्रयोगानें. अमेरिकेंतील आर्गोन येथील मंडळींनीं १९९३ सालीं आपल्या किरणोत्सर्गी गंधकांत थोडासा किरणोत्सर्गी कार्बन मुद्दाम मिसळला. त्यामुळें आलेखांत खोटा मोड पडणार होता. आपलें यंत्र हा मोड ओळखतें कीं नाहीं, हें त्यांनीं प्रथम पाहिलें. यंत्रानें तो ओळखला. मग शुद्ध गंधक घेतलें, मोड नाहीं. ज्यास भेसळ ओळखतां येते त्याचाच 'माल शुद्ध आहे' हा दाखला खरा. जपानांतील प्रयोगानेंही तेंच सांगितलें. आणि ऑक्सफर्डचा निकाल कशानें बिघडला, हें शोधून काढलें तें स्वतः हाइम यानेंच. यंत्रांतील एका पडद्याच्या कडांवर आदळून इलेक्ट्रॉनांची शक्ति किंचित् कमी होत होती व तेवढ्यानें आलेखांत मोड भासत होता. आपल्याच नांवावर जमा झालेली कीर्ति आपल्याच हातानें खर्चीं टाकणारा हा तरुण शास्त्रज्ञ या इतिहासांत पाउलीहून फार खालीं बसावा असें नाहीं.

इकडे जिनीव्हाजवळ सर्न या युरोपीय संस्थेनें २७ किलोमीटर परिघाच्या भुयारांत 'लेप' नांवाचें यंत्र उभारलें व १९८९ सालीं तें चालू झालें. इलेक्ट्रॉन व त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांची टक्कर घडवून झेड नांवाचा कण निर्माण करावयाचा, हें त्याचें मुख्य काम. झेडचें वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारें ९७ पट. तो जन्मतांच फुटतो आणि पांचांत एकदां त्याचे दोन न्यूट्रिनो होतात. हे दिसत नाहींत, पण झेडचें आयुष्य मोजून त्यांच्या जाती किती हें काढतां येतें. उत्तर आलें, तीन. चौथी हलकी जात नाहीं. उजवा न्यूट्रिनो मात्र या खानेसुमारींत येत नाहीं, कारण तो अलिप्त आहे. ज्या बलांमुळें इतर कण एकमेकांस ओळखतात त्यांपैकीं गुरुत्वाकर्षणाखेरीज कोणतेंही बल त्यास लागू नाहीं.

मग तो सांपडावयाचा कसा? अलिप्त असला तरी तो अगदींच परका नसतो. फळीच्या गणितामुळें डाव्या न्यूट्रिनोंत त्याचा किंचित् अंश मिसळलेला असतो, जसा दुधाच्या घागरींत पाण्याचा एखादा थेंब. म्हणून जेथें डावा न्यूट्रिनो जन्मतो तेथें फार क्वचित् त्याच्याऐवजीं थोरला जन्मेल. हा मिश्रणाचा अंश जितका लहान तितका तो दुर्मिळ, आणि तितकाच दीर्घायुषी. त्याचें आयुष्य वस्तुमानाच्या पांचव्या घातानें घटतें. वस्तुमान दुप्पट झालें कीं आयुष्य बत्तिसांश होतें. तेव्हां अनुकूल वस्तुमानाचा एखादा थोरला भाऊ झेडपासून जन्मला, तर तो कांहीं सेंटिमीटर किंवा कांहीं मीटर न दिसतां जाईल आणि मग फुटेल. यंत्राच्या मध्यभागीं कांहीं नाहीं, आणि दूर बाजूस रिकाम्या जागेंतून एकाएकीं रेघांचा पंखा फांकलेला. कोलारच्या खाणींत हवेंतून फांकलेल्या रेघांचेंच हें जिनीव्हाचें रूप. फरक एवढाच कीं, येथें टक्कर केव्हां व कोठें झाली हें अचूक ठाऊक असतें.

लेपवरील डेल्फी नांवाच्या यंत्रसमूहानें सुमारें ३३ लक्ष झेड तपासून १९९७ सालीं निकाल दिला कीं, प्रोटॉनच्या साडेतीन ते पन्नास पटींच्या टापूंत थोरला भाऊ असला, तर त्याचें मिश्रण लाखांत दोन अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी असलें पाहिजे. पुढें त्याच भुयारांत बसविलेल्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरही हा शोध झाला व कांहीं टापूंत ही मर्यादा आणखी खालीं आली. कण आला नाहीं.

दरम्यान त्याची गरज वाढलीच. १९८६ सालीं फुकुगिता व यानागिदा यांनीं दाखविलें कीं, विश्वाच्या आरंभीं असे जड न्यूट्रिनो फुटतांना द्रव्य व प्रतिद्रव्य यांत थोडासा पक्षपात झाला असेल, तर आज सारें प्रतिद्रव्य नाहींसें होऊन द्रव्य कां उरलें, याचा उलगडा होतो. २००५ सालीं लोझान येथील मिखाइल शापोश्निकोव्ह व त्याच्या सहकाऱ्यांनीं त्याहून धिटाईची मांडणी केली. तीन उजवे न्यूट्रिनो माना. पैकीं दोन प्रोटॉनच्या आसपासच्या वस्तुमानाचे, तिसरा त्यांहून फारच हलका. पहिल्या दोघांनीं वस्तुमानाचा व प्रतिद्रव्याचा प्रश्न सोडवावा, तिसऱ्यानें आकाशगंगांस बांधून ठेवणारें अदृश्य द्रव्य व्हावें. तीन कणांत तीन कोडीं सुटतात. इतकी सोय पाहिली कीं सुज्ञ माणसास थोडी भीतिच वाटते. हिशेब फार सुबक जुळूं लागला कीं कारकुनानें पुन्हां बेरीज करावी.

पण या मांडणीचा एक गुण निर्विवाद आहे: ती तपासून पाहतां येते. सर्ननें २०२४ सालच्या मार्च महिन्यांत 'शिप' नांवाच्या प्रयोगास मंजुरी दिली. त्यांत वेगवान् प्रोटॉनांचा झोत जड धातूच्या ठोकळ्यावर आदळावयाचा, उरलेला कचरा अडवावयाचा आणि पलीकडच्या सुमारें ५० मीटर लांबीच्या रिकाम्या दालनांत कांहीं फुटतें काय, हें पाहात बसावयाचें. हलक्या टापूंतील भावाची झडती त्यांत होईल. जड टापूसाठीं मात्र झेडच लागणार, आणि तेही थोडेथोडके नव्हेत.

त्यासाठीं सर्नपुढें जी योजना आहे ती सुमारें ९१ किलोमीटर परिघाच्या नव्या भुयाराची. तिचा शक्याशक्यतेचा अहवाल २०२५ सालच्या मार्च महिन्यांत प्रसिद्ध झाला. भुयार सरासरी २०० मीटर खोल, फ्रान्स व स्वित्झर्लंड या दोन देशांच्या खालून जाणारें. खर्च अंदाजें १५ अब्ज स्विस फ्रँक. लेपच्या साऱ्या कारकिर्दींत चारही यंत्रसमूहांनीं मिळून १ कोटि ७० लक्ष झेड टिपले. नवें यंत्र तितके झेड दोन-तीन मिनिटांत निर्माण करील आणि कांहीं वर्षांत त्यांची संख्या ६ लक्ष कोटींपर्यंत नेईल. मिश्रणाचा अंश शंभर अब्जांत एक इतका अल्प असला तरी अनुकूल टापूंत भाऊ त्याच्या नजरेंतून सुटूं नये, असें गणित सांगतें. कांहीं टापूंत तर फळीच्या सिद्धांतास जेवढें कमींतकमी मिश्रण हवें, त्याच्या जवळपास ही नजर पोंचते. चीननेंही १०० किलोमीटर परिघाच्या अशाच यंत्राची आंखणी केलेली आहे.

विरोध करणारांचें म्हणणें हलकें नाहीं. भाऊ एकावर चौदा शून्यांच्या शिखरावर बसला असेल, तर हें भुयार खणून त्याच्या पायाची धूळही दिसणार नाहीं. आडांतच नसेल तर पोहऱ्यांत कोठून येणार? इतक्या पैशांत दुसरीं किती शास्त्रें जोपासतां येतील, असेंही ते विचारतात. समर्थक उत्तर देतात कीं, यंत्र केवळ याच एका शोधासाठीं नाहीं. झेड व हिग्ज यांची जी सूक्ष्म मोजमापें होतील त्यांची किंमत कण सांपडो न सांपडो कायम राहील. या उत्तरांत तथ्य आहे. परंतु जनतेपुढें पैसा मागतांना 'सांपडेलच' असा सूर कोणी लावूं लागला, तर तो १७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांची आठवण विसरला, असेंच म्हणावें लागेल. न सांपडण्याचा निकालही आर्गोनच्या पद्धतीनें, आपली नजर आधीं पारखून, द्यावयाचा असतो. आणि अशा निकालासाठीं १५ अब्ज फ्रँक द्यावेत कीं नाहीं हा खरोखरीच अवघड प्रश्न आहे.

बांधणीचा अखेरचा निर्णय २०२८ च्या सुमारास अपेक्षित आहे. होकार मिळाला तरी पहिली टक्कर २०४० नंतरच्या दशकाच्या मध्याच्या आधीं होत नाहीं. म्हणजे आज जीं मुलें प्राथमिक शाळेंत पाढे म्हणत आहेत, तीं त्या रेघा वाचावयास बसतील. ज्यांनीं यंत्र आंखलें त्यांतील पुष्कळ तोंवर निवृत्त झालेले असतील. हिंदुस्थान २०१७ सालापासून सर्नचा सहयोगी सभासद आहे, तेव्हां त्या मुलांत कांहीं मुंबई-पुण्याचींही असावयास हरकत नाहीं. कोलारच्या खाणी मात्र २००१ सालीं बंद झाल्या आणि त्यांचे खोल भाग पाण्यानें भरले. हवेंतून फांकलेल्या रेघा जेथें उमटल्या, तेथें आतां पुन्हां यंत्र लावून पाहण्याची सोय राहिलेली नाहीं.